बाटलीतला सात

पौष लागला की अंबरनाथ पूर्वेच्या बाजारात मुळे येतात. पांढरे, लांबसडक, अंगाला माती चिकटलेले, पाल्यासकट जुड्या बांधलेले. डोंगराकडच्या वाड्यांतल्या बायका गोणपाट अंथरून ओळीनं बसतात आणि पाला टवटवीत दिसावा म्हणून त्यावर सारखं पाणी शिंपडत राहतात. त्या ओळीसमोरून जाताना माझा पाय नकळत भरभर पडतो. घरात मात्र मुळा सगळ्यांना आवडतो. नवरा हौसेनं दोन जुड्या घेऊन येतो, दह्यातली कोशिंबीर कर म्हणतो, आणि मी ती करते. चिरण्याआधी एकेक पान उलटंसुलटं करून पाहते. "अळ्या शोधतेस का गं?" असं तो दरवर्षी विचारतो आणि मी दरवर्षी हो म्हणते.

अळ्या नाही शोधत मी. पानांच्या कडा करपल्या आहेत का, ते पाहते. ही खोड मला नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यानं लावली. तेव्हा मी बावीस वर्षांची होते, इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करून अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कंपनीत नुकतीच लागले होते, आणि मला वाटायचं की जगात आकड्याइतकं प्रामाणिक काही नाही.

आम्ही तेव्हा बदलापूरला राहायचो, आणि तिथला त्या वेळचा हिवाळा आता सांगूनही कुणाला खरा वाटत नाही. इमारती हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. दोन इमारतींच्या मध्ये कापलेल्या भाताची खुंटं उभी असायची आणि त्यांच्यावर दव. मी स्वेटर घालून, डबा काखेत मारून निघायचे, आणि अंबरनाथची हद्द आली की आधी नाकाला कळायचं. थंडीत धूर वर जात नाही, जमिनीलगत बसून राहतो. एका गल्लीत पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा वास, दुसऱ्या गल्लीत नासलेल्या अंड्यांचा, आणि आमच्या कंपनीच्या वळणावर झणझणीत आंबट. रंगांना लागणारी कसली तरी पावडर आम्ही बनवायचो. रिक्षावाले चेष्टेनं विचारायचे, "म्याडम, तुमच्या कंपनीत लोणचं घालतात काय?" मीही हसायचे. त्या वासाचीसुद्धा सवय होते, आणि सवय झाली की तो येईनासा होतो.

या आंबट वासाची सवय न झालेला एकच माणूस मी तिथं पाहिला. ते भोईरमामा. पन्नाशी ओलांडलेले, काटक, कानावर पेन्सिल. कंपनीचं सांडपाणी मागच्या बाजूला एका सिमेंटच्या टाकीत जमायचं आणि तिथून नाल्यात जायचं. नाला पुढे एका वाडीच्या शेतांना लागून वाहायचा, आणि ती वाडी हे मामांचं गाव. ते पाणी आंबट तर नाही ना, हे दर तासाला बघणं ही मामांची नोकरी. त्यासाठी त्यांच्याकडे कागदाच्या बारीक पट्ट्यांची एक डबी होती. पट्टी पाण्यात बुडवायची. हिरवी झाली तर आकडा सात, म्हणजे पाणी ठीक. नारिंगी, लाल अशी होत गेली तर आकडा सहा, चार, तीन असा खाली जाणार, म्हणजे पाण्यात आम्ल. मग मामा कोपऱ्यातली चुन्याची गोणी फोडायचे, चुना टाकीत ओतून बांबूनं ढवळायचे आणि पट्टी हिरवी होईपर्यंत टाकीवरून हलायचे नाहीत.

वहीत मात्र कायम सात. सकाळी सात, दुपारी सात, सुट्टीच्या दिवशी सात. मी पहिल्यांदा ती वही चाळली तेव्हा माझ्यातला डिप्लोमा खवळला.

"मामा, पट्टी तर आत्ता लाल आली. तुम्ही सात कसे लिहिता?"

"वही सायबासाठी, बाय," मामा बांबू ढवळत म्हणाले. चारचौघांत ते मला म्याडम म्हणायचे, एकटी असले की बाय. "तपासनीस आला का वहीच बघतो, पानी बघत नाय. पानी यमुनेसाठी."

यमुना म्हणजे त्यांची मोठी बहीण. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. नाल्याकाठच्या तिच्या तुकड्यात भात कापून झालं की ती मुळा आणि लाल माठ लावायची, नाल्यात गुडघाभर उतरून हंड्यानं पाणी घालायची आणि पाट्या डोक्यावर घेऊन बाजारात यायची. मामा आधी सात लिहायचे आणि मग ते खरं करायला चुन्याकडे जायचे. मला यातला खोटेपणा तेवढा दिसला. बाविसाव्या वर्षी माणसाला दुसऱ्याचा खोटेपणा फार लवकर दिसतो.

म्हणून मुंबईच्या ऑफिसातून हुकूम आला तेव्हा मला कोण आनंद झाला. टाकीत पाण्याची आम्लता मोजणारं यंत्र बसवायचं, ते मोडेम लावून टेलिफोनच्या लाइनीला जोडायचं, म्हणजे फोर्टातल्या कॉम्प्युटरवर दर तासाचा आकडा आपोआप उमटेल. वही नको, पट्टी नको. आकडा सहाच्या खाली गेला की मुंबईहूनच फोन येणार, चुना टाका. हे सगळं जुळवायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या अख्ख्या कंपनीत मोडेम ही वस्तू कुणी पाहिली नव्हती. मीही नव्हती. पण तसं तोंडावर दिसू द्यायचं नाही, एवढं मला कळत होतं.

यंत्र आणि मोडेम यांना जोडणारी केबल कुठेच मिळेना. शेवटी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका सिंधी काकांच्या दुकानात गेले. रेडिओ, मिक्सर, चिनी टॉर्च, आणि मध्ये चष्मा नाकावर ओढून बसलेले काका. दोन्ही टोकांच्या पिना मी कागदावर काढून दाखवल्या. त्यांनी कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.

"नौ पिन से पच्चीस पिन. हो जाएगा, बेटी. कल ले जाना."

"चलेगा ना पक्का, काका? फॅक्टरी का काम है."

"अरे बाबा, ओरिजनल इसके सामने पानी भरेगा."

आणि खरंच चांगली केली होती त्यांनी. चुका सगळ्या पुढे झाल्या, आणि त्या माझ्या होत्या.

मोडेमचा तो आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना सांगायला नको. आधी नंबर फिरवल्याचे टकटक सूर, मग एक लांब शीळ, मग पलीकडून दुसरी शीळ, आणि मग दोघांचं मिळून घशात खाकरल्यासारखं काहीतरी. नंतर शांत. ती शांतता आली की समजायचं, जुळलं. ती येतच नव्हती. कधी आली तरी मुंबईच्या पडद्यावर नुसती बदाम, चौकट, किलवर, इस्पिक, आणि मध्येच एखादा हसरा चेहरा. दोन्हीकडची बोलण्याची गती जुळत नव्हती. मुंबईच्या साहेबांनी तो कागद फॅक्सनं पाठवला तेव्हा मामा खांद्यावरून डोकावून म्हणाले, "बाय, हा तर पत्त्यांचा क्लब झाला." दिवसभरात मी पहिल्यांदा हसले.

गती जुळवली तर लाइन तुटायला लागली. मोडेमची लाइन आणि गेटवरचा फोन एकच. वॉचमननं गेटवर रिसीव्हर उचलला की इकडे सगळं कोसळायचं, आणि तिकडे तो घाबरून रिसीव्हर आपटून धावत यायचा, "म्याडम, फोनमध्ये कोनतरी किंचाळतंय!" तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मी रडायच्या बेतात होते. तेव्हा मामा म्हणाले, मी बसतो. गेटवरच्या केबिनमध्ये स्टूल टाकून, रिसीव्हरवर हात दाबून, आल्यागेल्याला "फोन बंद हाय" सांगत हा माणूस अर्धा दिवस बसला. त्यांची पट्टी आणि वही बंद करणारी लाइन त्यांनीच राखली, आणि ते त्यांना ठाऊक होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मशीन खरा बोलेल तर बरंच हाय ना. मी किती दिस पुरनार?"

त्या गुरुवारी दुपारी लाइन जुळली. पण टाकीतल्या पाण्याचा आकडा काही एका जागी राहीना. खरं पाणी कधीच राहत नाही, ते क्षणाक्षणाला बदलतं. मुंबईचे साहेब दुसऱ्या फोनवर होते, त्यांच्याभोवती आणखी चार साहेब जमलेले. ते वैतागले, म्हणाले, कशात तरी बुडवून स्थिर आकडा दाखव आधी. माझ्याकडे यंत्र तपासायच्या द्रावणाची बाटली होती. त्या द्रावणाचा आकडा ठरलेला असतो: सात. यंत्राचं काचेचं टोक मी त्या बाटलीत सोडलं. मुंबईला सात उमटला. पुन्हा सात. पुन्हा सात. फोनमधून टाळ्या ऐकू आल्या. मला इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता, आणि नंतरही नाही.

टोक टाकीत पक्कं बसवायला जो पाइप लागणार होता त्याचं वेल्डिंग सोमवारी व्हायचं होतं. तोवर ते काचेचं टोक कोरडं पडू द्यायचं नाही, कोरडं पडलं की यंत्र मेलंच म्हणून समजा, हे आम्हाला कॉलेजात घोकून घेतलं होतं. म्हणून मी ते बाटलीतच ठेवलं. बाटली टाकीच्या कठड्याला सुतळीनं बांधली, आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून टांगलं: कोणीही हात लावू नये. निघताना लाइन काढून ठेवायची होती. मनात होतं. पण दुसऱ्या दिवसापासून माझी रजा होती. डोंबिवलीचे लोक मला बघायला यायचे होते, आईनं आणलेल्या साडीला फॉल लावायचा राहिला होता, रिक्षा बाहेर उभी होती. टाकीपाशी मामा भेटले.

"बाय, बाटलीतलं पानी बदलाचं का मधी?"

"नको, मामा. बाटलीला हातच लावू नका," मी चालता चालताच म्हणाले.

त्यांना वाटलं होतं की बाटलीत टाकीतलंच पाणी आहे. मला ते तेव्हाच कळायला हवं होतं. थांबून त्यांच्याकडे वळून पाहिलं असतं तरी कळलं असतं.

माणूस आपली चूक पुन्हा पुन्हा आठवतो तेव्हा ती बारीक होत जात नाही, उलट तिच्यात नवनवे तपशील दिसायला लागतात. मला आता ती सुतळी आठवते. मी दोन गाठी मारल्या होत्या आणि ओढून खात्री केली होती. इतकी काळजी मी त्या बाटलीची घेतली. शुक्रवारी सकाळी मॅनेजरसाहेबांनी मामांना सांगितलं की कागद आजपासून बंद, कॉम्प्युटर सुरू झाला, तुम्ही गेटवर बसा. मुंबईला वाटलं यंत्र टाकीत आहे. मॅनेजरला वाटलं मुंबई बघतेय. दर तासाला फोन लागायचा, शीळ व्हायची आणि फोर्टातल्या कागदावर सात उमटायचा. इथं टाकीत पाणी आंबट होत गेलं आणि पाच दिवस चुन्याची एकही गोणी फुटली नाही.

डोंबिवलीच्या लोकांनी नंतर नकार कळवला. तेव्हा घरात त्याचंच केवढं दुःख झालं होतं.

मंगळवारी कामावर आले आणि सवयीनं आधी टाकीकडे गेले. बाटली होती तशीच होती. टोक अजून तिच्यातच, आणि मी काढायची विसरलेली लाइनही तशीच जोडलेली. टोक बाहेर काढलं, धुतलं, टाकीत सोडलं. आकडा दोनपर्यंत घसरत गेला आणि मग थोडा वर येऊन तिनाच्या आत थांबला. मी नव्या हेल्परला हाक मारून सहा गोण्या चुना ओतायला लावला. काय झालं, म्हणून तो विचारत होता. "काही नाही, खबरदारी म्हणून," मी म्हणाले. पुठ्ठा फाडून बॉयलरच्या राखेत टाकला. बाटली पर्समध्ये घातली. इतक्या शांतपणे हे सगळं केलं की आज त्या शांतपणाचीच जास्त लाज वाटते.

अकराच्या सुमारास वाडीतली माणसं गेटवर आली. पंधरा-वीस असतील. पुढे यमुनाबाई. मी त्यांना तोवर नुसतं ऐकूनच ओळखत होते. उंच, काळ्यासावळ्या, मामांसारखंच नाक. पदरात मुळ्याचा पाला बांधून आणला होता, तो त्यांनी गेटसमोर रस्त्यावर ओतला. पानांच्या कडा तपकिरी, तव्यावर जास्त वेळ राहिलेल्या भाकरीसारख्या. लाल माठ तर बसलाच होता सगळा. कुणी पाटीत मेलेले मासे आणले होते. यमुनाबाईंनी लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि पाय दाखवले. जिथवर पाण्यात उभं राहायचं तिथवर कातडी लाल होती आणि घोट्यांशी भेगा पडल्या होत्या.

गेटवर मामाच होते. त्यांनी बहिणीचे पाय पाहिले आणि खाली बसून तो पाला गोळा करायला लागले. का, कोण जाणे.

मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बसवलं, चहा दिला. मुंबईहून माणूस दुपारपर्यंत कागद घेऊन आला. दोन्ही कडांना भोकं असलेला तो एकसंध लांब कागद मॅनेजरसाहेबांनी टेबलावर उलगडला तेव्हा तो पलीकडे जमिनीवर उतरला. गुरुवार दुपार ते मंगळवार पहाट. सात, सात, सात, सात. मी भिंतीला टेकून उभी होते. माझं अक्षर नव्हतं ते, पण प्रत्येक सात माझा होता.

"हे माणसानं लिहिलेलं नाही," साहेब म्हणाले. "कॉम्प्युटर आहे. तो कुणाची बाजू घेत नाही. पाणी दुसऱ्या कुठल्या कंपनीचं असेल."

"मंग माझं पाय काय कागदानं भाजलं?" यमुनाबाई म्हणाल्या.

साहेबांनाही खरं माहीत नव्हतं, हे मला सांगायला हवं. त्या खोलीत खरं माहीत असलेली मी एकटी होते. साहेबांनी एक अर्ज लिहवून घेतला: कंपनीचं पाणी कॉम्प्युटरप्रमाणे योग्य आढळलं, वाडीची तक्रार नाही. त्याखाली वाडीचाच कुणी साक्षीदार हवा होता, ज्याला पाण्यातलं कळतं असा. सगळ्यांच्या माना भोईरमामांकडे वळल्या. मामा म्हणाले, दोन मिनिटं द्या. ते बाहेर गेले. त्यांच्या खिशात डबी अजून होती. टाकीत पट्टी बुडवून ते मी उभी होते तिथं आले.

"बाय, कागद पन हिरवाच आला."

येणारच. चुना ओतून चार तास झाले होते.

"पन आजचा काय घेऊन बसाचा," ते हळू आवाजात म्हणाले. "ते पाच दिस. मशीनमधी आलंय ते खरं हाय ना? तू लावलंस मशीन. तू सांग, मंग मी सही करतो. नाय तर नाय करत."

मला तेव्हा काय काय दिसलं ते मी पुष्कळदा मांडून पाहिलं आहे. नोकरीत कायम व्हायला एकच महिना उरला होता. फोनमधल्या टाळ्या. आईचा चेहरा. मुंबईच्या साहेबांनी पाठवलेलं अभिनंदनाचं पत्र. यातलं काहीच त्या पायांपुढे उभं राहण्यासारखं नव्हतं. मी भित्री होते, एवढंच खरं आहे.

"हो, मामा," मी म्हणाले.

मामांनी सही केली. चौथी शिकलेल्या माणसाची सावकाश, जोडून काढलेली सही. यमुनाबाई टेबलाच्या पलीकडून बघत होत्या. सही पुरी झाल्यावर त्या म्हणाल्या, "तू केलीस?" वाडीची माणसं चहा तसाच टाकून निघून गेली.

मी कायम झाले. यंत्र नीट बसलं, नीट चाललं, आणि चुना वेळेवर पडत राहिला. पुढच्या पावसाळ्यात नाल्याकाठी परत हिरवं दिसलं. झालं ते झालं, पुन्हा कधी होणार नाही, असं मी मनाला सांगायचे. मग दिवाळी आली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मामा कामावर आले तेव्हा मी सहज विचारलं, काय घेतलं बहिणीला? ते केबिनच्या दाराची कडी लावत-काढत राहिले.

"लुगडा घेतला होता. गेलो. वटीवर उभा राहिलो. ती आतून बाहेरच नाय आली."

"मग?"

"मंग काय. उंबऱ्यावर ठेवून आलो. सकाळी वाडीतल्या पोरीनं परत आनून दिला." आणि कडी सोडून म्हणाले, "तिला वाटतंय मी कंपनीचा झालो. मी खऱ्यावर सही केली, बाय. होईल तिला समज कदी."

हीच ती जागा होती. तिथं मी बोलायला हवं होतं. केबिनमध्ये तिसरं कुणी नव्हतं, आणि मी कायम झाले होते, म्हणजे भ्यायचं कारणही उरलं नव्हतं. पण आता चुकीत एक वर्ष मिसळलं होतं. पाच दिवसांची चूक सांगता येते, तिच्यावर लपवल्याचं एक वर्ष चढलं की ती सांगायला तोंड होत नाही. मी म्हणाले, "होईल, मामा." आणि टाकीकडे गेले. पुढच्या दिवाळीला आणखी एक वर्ष चढलं होतं. त्या वर्षी मी विचारलंच नाही. त्यांच्या कपाळावर ओवाळल्याचा टिळा नाही, हे पाहून कळायचं.

एकविसावं शतक उजाडायच्या आत कंपनी बंद पडली. मोडेम भंगारात गेला. मामा घरी बसले, माझं लग्न होऊन मी अंबरनाथला आले. मामांना जाऊन भेटायचं, हे दर रविवारी ठरायचं. बाजारात पूर्वीचा वॉचमन भेटला तेव्हा त्यानं सांगितलं, भोईरमामा पावसाळ्यात गेले, कावीळ झाली होती. तो सांगत होता आणि माझ्या मनात आधी काय आलं तर सुटका. ते मी इथं लिहिते आहे कारण लपवायचं असं आता काही ठेवायचं नाही. सुटका तेवढ्यापुरती होती. थंडी पडली आणि मुळे आले तेव्हा कळलं की सांगायचं ते तसंच आहे, फक्त ऐकणारा गेला.

म्हणून मी वाडीत गेले. एकटीच, घरी काही न सांगता. यमुनाबाई ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. खूप म्हाताऱ्या झाल्या होत्या. मी कंपनीतली, असं म्हटल्यावर त्यांनी वर न बघता बसायला पाट सरकवला. मी सगळं सांगितलं. बाटली, सुतळी, पुठ्ठा, चुना, आणि मामांनी मला विचारलं होतं ते, आणि मी हो म्हणाले ते. मध्ये त्यांनी एकदाही अडवलं नाही. त्यांचे हात तेवढे थांबले.

"म्हंजे त्याला ठाव नवता?"

"नाही."

"त्यानं खरा समजून केली सही?"

"हो. मी सांगितलं म्हणून."

"आनि मरेपर्यंत नाय सांगितलास तू त्याला."

मी मान हलवली. त्या शिव्या देतील, हाकलून देतील, असं घोकत मी आले होते. खरं सांगायचं तर त्याचीच वाट पाहत होते, म्हणजे फिटलं असं म्हणता आलं असतं. तसं काही झालं नाही. त्या अंगणाकडे बघत राहिल्या.

"दर भाऊबीजंला यायचा," त्या म्हणाल्या. "तिथं उभा राहायचा, त्या खांबाशी. हाक मारायचा, ताय म्हनून. मी आत बसून ऐकत राहायची, पन उठाची नाय. आजारी पडला तवा निरोप आला होता. तवा पन नाय गेली."

मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"तू आलीस, मना सांगितलास. मंग आता मी कुनाला जाऊन सांगू, पोरी?"

मी हलकं व्हायला गेले होते. जे मला पेलवलं नाही ते मी त्या म्हातारीच्या ओटीत टाकून आले. त्या तशाच बसून राहिल्या आणि मी उठून वाडीबाहेर आले.